शाळा अनेक, माप एक : सार्वजनिक शाळांतील समान शैक्षणिक निकषांविषयी
(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

आठवीच्या पहिल्याच आठवड्यातील एक प्रसंग मला आजही जसाच्या तसा आठवतो. गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी उत्तीर्ण होऊन मी तालुक्याच्या एका अनुदानित विद्यालयात दाखल झालो होतो. गणिताच्या सरांनी फळ्यावर दोन भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज लिहिली आणि मला पुढे बोलावले. मी अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला आणि मोठ्या विश्वासाने खडू खाली ठेवला. वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी माझे सातवीचे प्रगतिपुस्तक मागवून पाहिले. त्यात गणितापुढे 'अ-२' अशी श्रेणी होती. शासनाच्या कोष्टकाप्रमाणे अ-२ म्हणजे शेकडा ८१ ते ९० गुण. सरांनी पुस्तक मिटले आणि इतकेच म्हणाले, "बाळ, चूक तुझी नाही."

चूक माझी नव्हती, तर मग कोणाची होती? गावच्या गुरुजींची म्हणावी, तर तेही खरे नव्हे. ते एकटे दोन वर्ग सांभाळत, शिवाय जनगणना, मतदारयादी, पोषण आहाराच्या नोंदी ही कामे त्यांच्याच गळ्यात असत. त्यांनी मला फसवले नाही. त्यांच्या वर्गात मी खरोखरच बऱ्यापैकी मुलगा होतो आणि म्हणून त्यांनी मला अ-२ दिले. पण त्या वर्गातील अ-२ आणि तालुक्याच्या वर्गातील अ-२ यांचे माप निरनिराळे होते. हे तीन वर्षे माझ्या मनात घोळत राहिले. महाविद्यालयात समाजशास्त्राचा अभ्यास करताना त्याला थोडाफार आकार आला. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' म्हटले की भरमसाट शुल्काची खासगी शाळा डोळ्यांपुढे येते. प्रस्तुत लेखात 'सार्वजनिक शाळा' हा शब्द मी त्याच्या खऱ्या अर्थाने, म्हणजे लोकांच्या पैशावर चालणाऱ्या शाळा या अर्थाने वापरला आहे. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या व महानगरपालिकेच्या शाळा, आश्रमशाळा आणि शासकीय अनुदानावर चालणाऱ्या शाळा या सर्व त्यात आल्या.

एक पुस्तक, दोन शाळा

समान निकषांचा विषय काढला की पहिली शंका अशी येते की, आपल्या राज्यात सर्व काही समान आहेच की! १९६७ साली पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले. तेव्हापासून बालभारतीचे एकच पुस्तक गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत चालते. मग आणखी कसली समानता हवी?

या शंकेचे उत्तर मला तिसरीतच मिळाले होते. फक्त ते समजायला बारा वर्षे लागली. माझे आई-वडील ऊसतोड कामगार. बीड जिल्ह्यातील आमच्या गावातून दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची टोळी निघे, ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर परत येई. एरवी मी आजीजवळ राहत असे. त्या वर्षी आजी आजारी असल्याने मलाही टोळीबरोबर कोल्हापूर भागात जावे लागले. कोप्यांपासून थोड्या अंतरावर जिल्हा परिषदेची शाळा होती. आप्पांनी एक दिवस फडावरचा खाडा करून मला तेथे नेऊन बसवले. तेथील बाईंनी विचारले, "भागाकार झालाय का रे बाळा?" मी म्हणालो, "न्हाई बाई, आमच्या शाळंत हातच्याची वजाबाकी चालूय." त्या वर्गात भागाकार संपत आला होता. पुढे मार्चअखेर गावी परतलो, तो गावच्या शाळेत भागाकार नुकताच शिकवून झाला होता. अशा रीतीने एकाच वर्षी, एकच पुस्तक हाती असताना, भागाकार माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेला. आणि वर्षाच्या शेवटी मी दोन्ही शाळांच्या दृष्टीने तिसरी उत्तीर्ण होतो.

भागाकार कच्चा राहिला म्हणून अपूर्णांक कच्चे राहिले, आणि अपूर्णांक कच्चे राहिले म्हणून आठवीच्या वर्गात तो हशा पिकला. पुस्तक समान असणे आणि निकष समान असणे यांतील फरक तो हाच. पुस्तक ही शिकवण्याची सामग्री आहे, तर निकष ही शिकल्याची खूण आहे. तिसरी संपताना मुलाला काय वाचता आले पाहिजे, कोणते गणित सोडवता आले पाहिजे, स्वतःच्या मनाने किती वाक्ये लिहिता आली पाहिजेत, आणि ते आले की नाही हे कसे पाहायचे, याविषयी सर्व शाळांचे एकमत म्हणजे समान शैक्षणिक निकष. ते नसतील तर पुस्तकाचे कितवे पान चालू आहे एवढेच सांगता येते. मूल कोठे आहे, हे कळत नाही.

शेर, पायली आणि किलो

आमच्या गावातील वडीलधारी माणसे अजूनही बोलताना शेर आणि पायलीचा उल्लेख करतात. पूर्वी पायली मुलखागणिक बदलत असे. एका बाजारात मापलेले धान्य दुसऱ्या बाजारात कमी-जास्त भरे आणि त्यात नाडला जाई तो बहुधा शेतकरी. कारण माप व्यापाऱ्याच्या दुकानातले असे. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून मेट्रिक पद्धत अमलात येऊ लागली आणि देशभर किलो एकच झाला. त्यामुळे सर्वांनी एकच धान्य खावे असे काही ठरले नाही. कोकणाने भात खाल्ला, मराठवाड्याने ज्वारीची भाकरी खाल्ली. बदलले ते इतकेच की, एका बाजारातील किलो दुसऱ्या बाजारातही किलोच राहिला.

शिक्षणातील निकषांचे कार्य याहून निराळे नाही. समान निकष म्हणजे सर्व शाळांना एका साच्यात घालणे, अशी भीती अनेकांना वाटते. परंतु माप एक असणे आणि माल एक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय, माप नक्की नसल्याचा तोटा सर्वांना सारखा होत नाही. सुशिक्षित घरातील मुलाच्या प्रगतिपुस्तकात काहीही लिहिलेले असो, त्याची आई संध्याकाळी त्याला जवळ बसवून पाहते आणि मूल कोठे अडले आहे ते तिला कळते. माझ्या आईला अक्षरओळख नाही. तिच्यासाठी प्रगतिपुस्तकातील 'अ' हाच एकमेव पुरावा होता आणि त्यावर तिने विश्वास ठेवला. मापाची गरज सर्वांत अधिक असते ती ज्याला स्वतः मोजता येत नाही त्याला.

शंभर वर्षांहून जुनी मागणी

ही मागणी नवी नाही, किंबहुना महाराष्ट्राच्या भूमीत तिची मुळे फार खोल आहेत. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. रयतेच्या श्रमांतून सरकारचा महसूल उभा राहतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, ही त्यांची तक्रार सर्वांना ठाऊक आहे. तितकेच महत्त्वाचे असूनही कमी वाचले जाते ते त्यांनी सुचविलेले अभ्यासाचे स्वरूप. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे आणि त्यात वाचन, मोडी व बाळबोध लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचे काही पाठ असावेत, असे त्यांनी मांडले. म्हणजे 'सर्वांना शिक्षण द्या' एवढ्यावर न थांबता 'सर्वांना निदान इतके आलेच पाहिजे' हेही त्यांनी सांगितले. खेड्यातील शाळेचा अभ्यास शहरापेक्षा थोडा असण्यास त्यांची हरकत नव्हती. पण तो कमी उपयोगाचा असता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता.

पुढे १९११ मध्ये नामदार गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण देण्याचा निर्णय घेऊन ते करून दाखविले. स्वातंत्र्यानंतर १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने परिसर शाळेवर आधारलेल्या समान शाळा पद्धतीची शिफारस केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर भागातलेच, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. धनिकांची मुले एका शाळेत आणि गरिबांची दुसऱ्या शाळेत, अशी फाळणी शिक्षणाने करू नये, हा त्या शिफारशीचा गाभा होता. ती शिफारस कागदावरच राहिली.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रथमच 'किमान अध्ययन क्षमता' हा विचार धोरणात आणला. आर. एच. दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९१ साली पहिली ते पाचवीच्या भाषा, गणित व परिसर अभ्यास या विषयांतील क्षमता इयत्तावार लिहून काढल्या. आपल्याकडील अनेक ज्येष्ठ शिक्षकांना त्या क्षमतांचे क्रमांक अजून पाठ असतील. त्यानंतर २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. या कायद्याने शाळेचे निकष ठरविले : साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, पाचवीपर्यंत वर्षाला ८०० तास व सहावी ते आठवीसाठी १,००० तास अध्यापन, वर्गखोल्या, पिण्याचे पाणी, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे. हे सर्व आवश्यकच होते. पण या इमारतीत बसून मूल काय शिकणार, याचा इयत्तावार उल्लेख नियमांत आला तो २०१७ साली, 'अध्ययन निष्पत्ती' या नावाने. २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झाले. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचता यावे व पायाभूत गणित यावे, आणि हे २०२६-२७ पर्यंत साधावे, असे त्याचे उद्दिष्ट ठरले.

निकष लिहिले, पण ते सामाईक झाले का?

म्हणजे निकष आज कागदावर आहेत. मग तक्रार कसली? तक्रार ही की, निकष लिहिणे आणि ते सर्वांनी सारख्याच अर्थाने वापरणे यांत मोठे अंतर आहे. 'विद्यार्थी मजकूर समजपूर्वक वाचतो' या वाक्याचा अर्थ एका शाळेत 'अडखळत का होईना, वाचतो' असा होतो, तर दुसरीत 'वाचून प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहितो' असा होतो. दोन्ही शाळा प्रामाणिकपणे एकाच चौकटीत बरोबरची खूण करतात.

या अंतराचा पुरावा शाळेबाहेर मिळतो. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या 'असर' या पाहणीत कार्यकर्ते घरोघरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा एक उतारा वाचायला देतात. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी हा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये शेकडा ५०.५ होते. करोनाच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, ते ४२.८ वर घसरले आणि २०२४ मध्ये ४८.८ पर्यंत सावरले. म्हणजे पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला नाही. ही मुले पाचवीत पोहोचली, याचा अर्थ त्यांच्या प्रगतिपुस्तकांवर तीन वर्षे कोणीतरी उत्तीर्णतेची सही केली होती.

दुसरा पुरावा माझ्या स्वतःच्या तुकडीचा आहे. मी २०२१ साली दहावी झालो. करोनामुळे त्या वर्षी मंडळाची परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालावरून ५० गुण, दहावीच्या वर्षभरातील लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, असे गुण शाळांनीच दिले. राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. आदल्या वर्षी तो ९५.३० टक्के होता. त्या संकटकाळात दुसरा मार्ग नव्हता आणि मी त्याबद्दल कोणास दोष देत नाही; माझाही त्यात फायदाच झाला. पण पुढे काय घडले ते पाहण्यासारखे आहे. अकरावीच्या प्रवेशासाठी शासनाला स्वतंत्र सामाईक परीक्षा घ्यावीशी वाटली; ती ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरविली. शाळाशाळांतील गुणांची परस्परांशी तुलना करता येत नाही, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच नव्हती काय?

आणि दहावीपर्यंत थांबून माप लावणे हा तर सर्वांत कठोर प्रकार आहे. शिष्यवृत्तीची परीक्षा राज्यभर एक असते, पण तिला निवडक मुले बसतात. बाकीच्यांना समान माप प्रथम भेटते ते पंधराव्या-सोळाव्या वर्षी, जेव्हा दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असते. आमच्या गावात एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. ते 'जुनी फायनल' उत्तीर्ण आहेत आणि अजूनही ते अभिमानाने सांगतात. सातवीची ती व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण म्हणजे काय येते, हे साऱ्या इलाख्याला ठाऊक असे. पण ती परीक्षा मूठभरांना निवडण्यासाठी होती. आपल्याला तिची स्पष्टता हवी, मात्र ती सर्वांना पुढे नेण्यासाठी हवी.

आक्षेपांचा विचार

समान निकषांविरुद्ध घेतले जाणारे आक्षेप पोकळ नाहीत. त्यांचा विचार न करता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला आक्षेप असा की, निकष आले की परीक्षा येते आणि परीक्षा आली की घोकंपट्टी येते. याला इतिहासाचा आधार आहे. इंग्लंडमध्ये १८६२ च्या 'रिवाइज्ड कोड'ने वाचन, लेखन व अंकगणित यांची सहा 'स्टँडर्ड' ठरविली आणि शाळेचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील यशावर अवलंबून ठेवले. तपासनीस येणार म्हणून मुलांकडून वाचनाचे पुस्तक पाठ करून घेण्यात येऊ लागले. स्वतः शाळा तपासनीस असलेले कवी मॅथ्यू अर्नल्ड यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. आपल्या मुंबई इलाख्यातही खासगी शाळांना अशाच प्रकारे 'निकालानुसार अनुदान' दिले जात असे. यातून धडा मिळतो तो असा की, माप दंडाला बांधले की माप खोटे होते. शाळेची भाकरी निकालावर अवलंबून ठेवली तर शाळा निकाल शिजवते, मूल नव्हे.

अमेरिकेचा अनुभव याला पूरक आहे. तेथे शालेय शिक्षण हा प्रामुख्याने राज्यांचा विषय आहे. २००२ साली अमलात आलेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन व गणितात दरवर्षी चाचणी घेणे सक्तीचे केले आणि अपयशी शाळांवर कारवाई ठेवली. परंतु 'प्रवीण' कोणाला म्हणायचे, हे प्रत्येक राज्याने आपापले ठरवायचे होते. परिणामी काही राज्यांनी आपली रेषाच खाली आणली. एका राज्यातील प्रवीण मूल शेजारच्या राज्यात अप्रवीण ठरू लागले. त्यावर उपाय म्हणून राज्यांच्या गव्हर्नरांच्या व शिक्षणप्रमुखांच्या संघटनांनी मिळून २०१० मध्ये 'कॉमन कोअर' हे भाषा व गणिताचे सामाईक निकष तयार केले. चाळीसहून अधिक राज्यांनी ते स्वीकारले. पण केंद्रीय अनुदानाच्या स्पर्धेत निकष स्वीकारणाऱ्यांना झुकते माप मिळाले, चाचण्यांचा संबंध शिक्षकांच्या मूल्यमापनाशी जोडला गेला, आणि पालक व शिक्षक दोघेही बिथरले. २०१४ मध्ये इंडियानाने प्रथम माघार घेतली. सामाईक माप नसले तर काय होते आणि ते वरून लादले तर काय होते, हे दोन्ही धडे एकाच देशाने आपल्यापुढे ठेवले आहेत.

दुसरा आक्षेप विविधतेचा आहे. मेळघाटातील कोरकू मूल, नंदुरबारमधील भिली किंवा पावरी बोलणारे मूल, गडचिरोलीतील गोंडी-माडिया मूल आणि पुण्यातील मराठी मूल यांना एकच फूटपट्टी लावणे हा अन्याय नव्हे काय? होय, दोघांकडून एकाच दिवशी एकाच भाषेत एकच उत्तर मागितले तर तो अन्यायच होईल. पण 'हे आदिवासी मूल आहे, याला इतके पुरे' असे मनाशी ठरविणे हा त्याहून मोठा आणि अधिक मुकाट्याने होणारा अन्याय आहे. वाचता आले पाहिजे, हा निकष समान असावा. पहिली दोन वर्षे ते कोणत्या भाषेच्या आधाराने शिकवायचे, गोष्ट रानातली घ्यायची की बाजारातली, हे शाळेने ठरवावे. तेथील शिक्षकाला ती बोली येत असावी, हे पाहणे शासनाचे काम आहे.

तिसरा आक्षेप असा की, किमान म्हणून ठरविलेले हळूहळू कमाल होऊन बसते. हा धोका खरा आहे आणि त्यावर एकच उपाय मला दिसतो. निकष म्हणजे घराचा उंबरठा आहे, छत नव्हे, ही जाणीव शिक्षकांत जागी ठेवणे.

मग काय करावे?

एका विद्यार्थ्याने राज्याला योजना सांगावी, हे धाडसच आहे. तरीही जे सुचते ते नम्रपणे मांडतो.

पहिली गोष्ट, निकष थोडे असावेत. प्रत्येक इयत्तेचे, प्रत्येक विषयाचे निकष एका पानावर मावावेत आणि ते अशा मराठीत असावेत की ते ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखविले असता माझ्या आईलाही कळावेत. 'तिसरी संपताना तुमच्या मुलीला दुकानातून आणलेल्या सामानाचा हिशेब करता आला पाहिजे' हे वाक्य कोणत्याही पालकाला कळते.

दुसरी गोष्ट, निकषांचा अर्थ शिक्षकांनी एकत्र बसून निश्चित करावा. आपल्याकडे प्रत्येक केंद्रात शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तीत परिपत्रकांचे वाचन थोडे कमी करून प्रत्येक शाळेतील चार-पाच मुलांच्या वह्या नावे झाकून मांडाव्यात आणि सर्वांनी मिळून ठरवावे की कोणती 'अ' आणि कोणती 'ब'. आपला 'अ' शेजारच्या शाळेतही 'अ' आहे की नाही, हे तेथेच कळेल. याला खर्च नाही, दंड नाही आणि शिक्षकाची अप्रतिष्ठाही नाही.

तिसरी गोष्ट, माप प्रथम शासनाला लागू व्हावे. एखाद्या शाळेतील निम्मी मुले निकषापर्यंत पोहोचली नाहीत, तर पहिला प्रश्न 'गुरुजी काय करीत होते?' असा नसून 'तेथे गुरुजी किती आहेत, दुसऱ्या कामांत त्यांचे किती दिवस गेले, पुस्तके केव्हा पोहोचली?' असा असावा. २०२३-२४ पासून पाचवी व आठवीच्या शेवटी पुन्हा परीक्षा आली आहे. मूल अनुत्तीर्ण झाल्याची नोंद होते, तशी शाळेला काय कमी पडले याचीही नोंद त्याच कागदावर व्हावी.

चौथी गोष्ट, स्थलांतरित मुलांची. मुलाबरोबर केवळ दाखला नव्हे, तर त्याला काय येते व काय यायचे राहिले आहे हे सांगणारे एक पत्रक जावे. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, शिक्षण हमी पत्रक असे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत आणि ते करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण पत्रकावरील शब्दांचा अर्थ दोन्ही शाळांत एकच असेल, तरच त्याचा उपयोग. माझ्या हाती तसे पत्रक असते आणि त्यावर 'भागाकार व्हायचा आहे' एवढीच ओळ असती, तर कोल्हापूरकडच्या त्या प्रेमळ बाईंनी मला आठ दिवसांत भागाकार शिकविला असता, याबद्दल मला शंका नाही.

समारोप

गेल्या दिवाळीत टोळी निघण्यापूर्वी मी गावी गेलो होतो. माझा चुलत भाऊ आता चौथीत आहे आणि यंदा तोही टोळीबरोबर जाणार होता. काकूंनी मोठ्या कौतुकाने त्याचे तिसरीचे प्रगतिपुस्तक दाखविले. गणितापुढे अ-२ होते. मी त्याला जवळ घेऊन पाटीवर एक साधा भागाकार मांडून दिला. त्याने पाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "दादा, हे आमच्या शाळंत अजून झालं न्हाई." काकू म्हणाल्या, "हुशार हाय तो, बघ की, अ मिळालाय." मी काही बोललो नाही. चार दिवस आम्ही दोघे ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा वाटून भागाकार करीत बसलो. निघताना त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर मी लिहून दिले : 'याला एक अंकी संख्येने भागाकार येतो. हातचा असलेला भागाकार व्हायचा आहे.' पुढच्या शाळेतील बाईंनी किंवा गुरुजींनी ते वाचले असेल, अशी आशा आहे.

आपल्यापैकी कितीतरी जण उद्या शिक्षक होणार आहेत. कोणी आश्रमशाळेत जाईल, कोणी नगरपालिकेच्या शाळेत, कोणी माझ्यासारख्याच एखाद्या गावी. धोरणे बदलण्याची वाट न पाहता एक गोष्ट आपल्या हाती आहे. प्रगतिपुस्तकात 'अ' लिहिताना आपण एकदा थांबावे आणि स्वतःला विचारावे, हे मूल उद्या दुसऱ्या कोणत्याही शाळेत जाऊन बसले, तर माझा 'अ' तेथे टिकेल काय?